वहिनींचा डबा

"छोट्या वहिनी, मोठ्या वहिनींचा डबा हल्ली जड परत जातो. जरा बघा."

पॅकिंगवाल्या काकांनी हे सांगितलं तेव्हा मी कारखान्याच्या दारात उभी होते. एका खांद्यावर पोर, दुसऱ्यावर पोरीची बॅग आणि डोक्यात एकच गोष्ट, की ती सकाळपासून दोनदा शिंकली आहे. मी म्हटलं, "काय काका, काट्यांबरोबर आता डब्यांचीही वजनं का?"

काका हसले. संध्याकाळी घरच्यांच्या, कामगारांच्या, सगळ्यांच्याच डब्यांची पिशवी तेच घरी सोडणाऱ्या गाडीत ठेवतात. खोक्यावर चिकटपट्टी ओढत म्हणाले, "हाताला कळतं हो."

मीही हसले आणि घरी आले. आल्या आल्या पोरीचा ताप बघितला. नव्हता. तासाभराने पुन्हा बघितला.

मी तशी बघणारी बाई आहे. पोरीच्या श्वासाचा आवाज बदलला तर मला दुसऱ्या खोलीत कळतं. दूध किती वाजता, किती वेळ, सगळं वहीत उतरवलेलं असतं. नवरा त्या वहीला पोलीस डायरी म्हणतो. आणि रोज एका टेबलाशी बसून जेवणारं माणूस दुपारचं जेवण तसंच परत आणतंय, हे मला दिसलं नाही. सांगूनही दिसलं नाही.

आमचा कारखाना म्हणजे सतरा माणसं आणि एक लांबट शेड. तान्ह्या मुलांची वजनं करायचे काटे बनतात तिथे. वर पत्र्याचं तबक, आत स्प्रिंग, समोर घड्याळासारखी तबकडी. तयार झालेला प्रत्येक काटा शेडच्या टोकाला, खिडकीपाशी, वहिनींच्या, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या टेबलावर येतो. टेबल म्हणायचं आपलं. एक जुनं दार आहे, दोन पिंपांवर आडवं टाकलेलं. वहिनी सुती हातमोजे घालून काट्यावर पितळी वजनं ठेवतात, कारण हाताच्या घामानेही वजन फिरतं म्हणे. मग येते ठमी. ठमी ही वाळू भरलेली बाहुली. बरोबर तीन किलोची, हातपाय सैल, वहिनींनीच शिवलेली. "पितळ गप्प बसतं. पोर बसतं का?" असं म्हणून त्या ठमीला तबकात टाकून हलवतात आणि काटा किती वेळात थांबतो ते बघतात. पास झाला की काटा जुळवायच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. पुढे कुणी स्क्रू फिरवला तर ठिपका तडकतो आणि चोरी कळते. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पहिली बाटली त्यांच्या लग्नातली होती. आता दवाखाने फोनवर विचारतात, "लाल ठिपक्याचाच पाठवताय ना?"

ठिपका सगळ्यांना माहीत. ठिपका देणारी फक्त वहिनी. सतरा वर्षं झाली. मला वहिनी, माझ्या नवऱ्याला वहिनी, कामगारांना वहिनी, गिऱ्हाइकांना वहिनी. कारखान्यात तर आप्पाही, म्हणजे आमचे सासरेही, "वहिनींना विचारा" असंच म्हणतात.

मग एका मोठ्या खरेदीदाराने कळवलं, कुठल्या कामाला कोण जबाबदार आहे त्याचा तक्ता भिंतीवर पाहिजे. तो मी टाइप केला. पोर मांडीवर झोपलेली, एका हाताने. सगळ्यात वर आप्पा. खाली दादा, म्हणजे मोठे दीर: उत्पादन. माझा नवरा: विक्री. ताईंचे, म्हणजे नणंदेचे यजमान: गुणवत्ता. त्यांना घरात सगळे जावईच म्हणतात. त्यांची जुनी नोकरी गेली होती, म्हणून चार महिन्यांपूर्वी आप्पांनी त्यांना आपल्याकडे घेतलं. त्याखाली, जुळणी: दहा जण. पॅकिंग: दोन जण.

"वहिनींना कुठे टाकू?" मी विचारलं.

"वहिनींना?" नवरा दात घासत होता. "अगं, वहिनी घरच्याच की. त्यांना काय चौकटीत टाकायचं?"

मला ते पटलं. अजून टोचतं ते हेच. मायेने बोलल्यासारखं वाटलं मला.

काच लावून आलेला तक्ता वहिनींनीच भिंतीवर टांगला. खिळाही त्यांनीच ठोकला. चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "डावीकडे किंचित उतरलाय." पुन्हा स्टुलावर चढून सरळ केला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी काका माझ्याशी बोलले होते.

*

रविवारी ताई आणि जावई जेवायला येतात. जेवणं झाली की पोरीचं वजन हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक काटा कायमचा ठेवलेला आहे. वहिनी हात धुऊन येतात, पोरीला तबकात ठेवतात, तिच्याशी काहीबाही बोलतात, आणि मग सगळ्यांकडे बघून आकडा सांगतात. तो आकडा ऐकेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो, आणि ते त्यांना ठाऊक असतं. म्हणून त्या फार वेळ लावत नाहीत.

त्या रविवारी त्या हात धुऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या.

"आज जावई करतील," म्हणाल्या. "तक्त्यात त्यांचं नाव आहे."

आवाजात काही नव्हतं. टोमणा असता तर बरं झालं असतं, कुणीतरी उलटून बोललं तरी असतं.

नवरा हसला. "वा! जावईबापू, येऊ द्या गुणवत्ता."

"अहो, मी कशाला..." जावई उठता उठता म्हणाले.

"करा हो," ताई म्हणाल्या. "चार महिने झाले की आता. एवढं येत नसेल का तुम्हाला?"

जावयांनी शर्टाच्या बाह्या सारल्या. तबकात पोरीची दुलई पसरली. मागची कळ फिरवून काटा शून्यावर आणला. मग त्यांना वाटलं, उकडतंय, दुलई कशाला. ती काढून खुर्चीवर टाकली आणि पोरीला नुसतंच तबकात ठेवलं. पोरीने पाय झाडले. काटा नाचला. जावई वाकून बघत राहिले.

"सहा... सहा किलो आठशे."

मागच्या रविवारी सात शंभर होतं.

मी काही बोलले नाही, असं नवरा सांगतो. मला वाटतं मी खूप काही बोलले. तीनशे ग्रॅम. एका आठवड्यात तीनशे ग्रॅम! वही आणली. पानं उलटत होते आणि आकडे दिसत नव्हते. दोन शिंका, मंगळवारचं अर्धं दूध, बुधवारी जास्त झोप. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी तापच बघत बसले.

"डॉक्टरांना फोन लाव," मी नवऱ्याला म्हटलं. "आत्ता लाव."

"अगं रविवार आहे, थांब, पुन्हा एकदा..."

"लाव म्हणते ना!"

वहिनी दारातच होत्या. दाराच्या चौकटीवर एक हात. त्यांनी ठरवलं होतं की मध्ये पडायचं नाही, हे मला आज कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तो हात चौकटीवरून सुटला.

"रडू नको," त्या आत येत म्हणाल्या. "पोर ठणठणीत आहे. जावई, शून्य लावलंत तेव्हा दुलई आत होती."

कुणालाच काही कळलं नाही. त्यांनी पोरीला उचलून माझ्याकडे दिलं. रिकाम्या तबकाचा काटा शून्याच्या पार मागे जाऊन बसला होता, तो बोटाने दाखवला. "चारशे ग्रॅमची दुलई आहे ही. तेवढं तुम्ही आधीच वजा करून टाकलंत." कळ फिरवली, पोरीला पुन्हा ठेवलं, तिच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "काय गं ठमे, आईला घाबरवतेस?" आणि हात काढला.

"सात दोनशे."

मी पोरीला छातीशी धरून जमिनीवरच बसले.

*

"मला काट्यातलं काही कळत नाही."

हे जावई बोलले. खाली बघत, दुलईची घडी घालत. "पहिल्या दिवसापासून कळत नाही. वहिनी पास करतात, मी कागदावर सही करतो. त्या चौकटीत मला बसवलं तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण सहा महिने घरी बसलेला माणूस मिळालेल्या खुर्चीला नाही म्हणत नाही."

"तुम्हाला कुणी विचारलंय का आत्ता?" ताई फणकारल्या.

"त्यांना बोलू नका ताई," मी म्हटलं. "तक्ता मी टाइप केलाय."

"मी सांगितलं तसा केलास," नवरा म्हणाला. आता हसत नव्हता. "वहिनी, सोडा ना. नवीन छापून घेऊ. एक चौकट वाढवायची, दहा मिनिटांचं काम."

"तेच," वहिनी म्हणाल्या. "दहा मिनिटांचंच होतं."

आप्पा आरामखुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला. "एका कागदावरून एवढं? अगं, तू घरची आहेस. घरच्या माणसाला काय पाटी लावायची? मला कुणी पाटी लावली?"

"तुमचं नाव सगळ्यात वर आहे, आप्पा," दादा म्हणाले.

दादा वडिलांना उलट बोलले, हे मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ऐकलं. सगळे त्यांच्याकडे वळले. दादांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"तू सांगतेस की मी सांगू?" त्यांनी वहिनींना विचारलं.

*

दादांनी पुढे मला सगळं सांगितलं, तेव्हा त्यांच्या बाजूनेही लिहायला हवं.

आदल्या गुरुवारी त्यांनीच वहिनींना गाडीतून सोडलं होतं. वजनं-मापं तपासणारी एक लहान प्रयोगशाळा आहे, पुलापलीकडे. तिथे जागा निघाली होती. वहिनींनी अर्ज केला तोही दादांना न सांगता, आणि सांगितलं ते असं: "गुरुवारी दहाला मला मुलाखतीला सोडाल का? नाही जमलं तर बसने जाईन." दादा म्हणाले, जमेल. मुलाखत कसली, हे त्यांनी गाडीत बसल्यावर विचारलं.

वहिनी वर गेल्या. दादा खाली दीड तास थांबले. समोर कागद-पेनांचं दुकान होतं, तिथे जाऊन त्यांनी एक पेन घेतलं, जे त्यांना नको होतं. मग गाडीत येऊन बसले. "मी मोजत होतो," ते मला म्हणाले. "सतरा वर्षांत मी तिला शाबास किती वेळा म्हटलं ते. एकदाही आठवेना. रागावलोही नव्हतो कधी, म्हणून मला वाटायचं सगळं छान चाललंय. ती बरोबर असणारच, हे मी धरूनच चाललो होतो गं. नळाला पाणी असणार, तसं."

वहिनी खाली आल्या तेव्हा त्यांच्या गालावर रंग होता. गाडीत बसून म्हणाल्या, "त्यांनी मला ठमीबद्दल विचारलं. अर्धा तास! कशी शिवली, वाळू कुठली, हातपाय सैल का. एक जण लिहून घेत होता." आणि मग पूल येईपर्यंत बोलतच राहिल्या. दादा म्हणतात, लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ती एवढी बोललेली मला आठवत नाही. पूल ओलांडल्यावर गप्प झाल्या.

तेव्हाच दादांनी ठरवलं की आप्पांसमोर आपण हिच्या बाजूने बोलायचं. रविवारपर्यंत तीन दिवस त्यांना नीट झोप नव्हती. वय वर्षं पंचेचाळीस.

*

वहिनींनी कपाटावरून पाकीट आणून टेबलावर ठेवलं. वर त्यांचं नाव होतं, पूर्ण, ठळक. त्या नावाने ह्या घरात पत्र येऊन किती वर्षं झाली असतील, कोण जाणे.

नवऱ्याने वाचलं. "वरिष्ठ तपासनीस," तो हळूच म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून."

"म्हणजे तू चाललीस," आप्पा म्हणाले.

"कारखान्यातून. घरातून नाही."

"घरचं माणूस घरच्यांना राजीनामा देतं होय?"

"म्हणूनच लिहून दिला नाही, आप्पा. बोलून सांगतेय." त्या आप्पांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "मला राग नाही आला. खरंच. तक्ता लावला त्या दिवशी मी दुपारी डबा उघडला आणि मला वाटलं, मी आज आले नसते तर? संध्याकाळी काटे गेले नसते, तेव्हा कुणीतरी म्हणालं असतं, 'अरे, वहिनी कुठेत?' काटे अडल्यावर. त्याच्या आधी नाही. मग घासच उतरेना."

पोरगी माझ्या मांडीवर दुलईचा कोपरा चोखत होती.

"मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, माझ्या नवऱ्यामुळे झालं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज घसरला होता. "मी तयारीत बसले होते भांडायच्या. आठवतंय आप्पा, कॉलेज संपल्यावर मी म्हटलं होतं, मला कारखान्यात घ्या? तुम्ही म्हणालात, तू काय, परक्या घरी जाणार. आणि ही आली परक्या घरून, तर ती घरचीच म्हणून तिला चौकट नाही. मग चौकट मिळते तरी कुणाला हो?"

"मला," जावई म्हणाले.

आणि ताईच आधी हसल्या. नाकातून, अनिच्छेने. मग नवरा. मग वहिनींनाही हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. आप्पा मात्र हसले नाहीत. ते उठले, पाकीट हातात घेतलं, वरचं नाव वाचलं आणि पाकीट होतं तसंच नीट टेबलावर ठेवून आपल्या खोलीत गेले.

*

सोमवारी आप्पा सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. कुलूप त्यांनीच उघडलं. पुढचं मला काकांकडून कळलं, कारण दुसरे पोचले ते काका.

आप्पा वहिनींच्या स्टुलावर बसले होते. स्टूल डगमगत होतं. एका पायाखाली कागदाची घडी होती, कुणी कधी घातली देव जाणे. त्यांनी सुती मोजे हातात घालून बघितले, ते बोटांत शिरेनात. ठमीला उचललं, हलवलं, ठेवलं. मग मान वर केली. त्या स्टुलावरून, बरोबर डोळ्यांच्या रेषेत, तक्ता दिसतो. काम करताना जितक्यांदा मान वर करावी तितक्यांदा.

"मी उभाच होतो," काका म्हणाले. "आप्पा म्हणाले, 'हा इथे लावायला कुणी सांगितलं?' मी म्हटलं, आप्पा, तुम्हीच."

वहिनींनी तो महिना जावयांना शिकवण्यात घालवला. जावई शाळेतल्या मुलासारखे वही घेऊन बसत. पहिल्या आठवड्यात त्यांनी लाल ठिपका चुकून तबकडीवरच दिला आणि दिवसभर ती तबकडी पुसत बसले. दुसऱ्या आठवड्यात ताईही यायला लागल्या, "बघायला" म्हणून, आणि काटा थांबायचा क्षण ओळखण्यात नवऱ्यापेक्षा चलाख निघाल्या. दुसऱ्या स्टुलाचं आप्पांनीच सांगितलं. दोन नवी स्टुलं आली. न डगमगणारी.

शेवटच्या दिवशी मी पोरीला घेऊन गेले होते. वहिनींनी ठमी ताईंच्या हातात दिली, बाटलीचं झाकण घट्ट केलं, मोजे काढून घडी घातले आणि पर्स उचलून निघाल्या. शेडच्या मध्यावर पोचल्या असतील. मागून आप्पांनी हाक मारली.

नावाने मारली.

वहिनी चालतच राहिल्या. त्यांना कळलंच नाही की ती हाक त्यांना आहे. यंत्रं थांबली होती, सगळे बघत होते. आप्पांना दुसऱ्यांदा हाक मारावी लागली. तेव्हा त्या वळल्या, आणि सासऱ्यांकडे अशा बघत राहिल्या, जणू कुणी फार दुरून, फार जुन्या घरातून बोलावतंय.

"डबा राहिला तुझा," आप्पा म्हणाले. तो घेऊन ते स्वतः चालत आले. हातात देण्याआधी त्यांनी तो जरा वर-खाली केला.

"हलका आहे," म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या. "आज संपवला."

*

आता वहिनी पुलापलीकडे जातात. रविवारी पोरीचं वजन त्याच करतात, आणि आठवडाभराचे किस्से सांगतात. आप्पा ऐकतात, मध्येच नको ते प्रश्न विचारतात, तरी ऐकतात. तक्ता मी पुन्हा टाइप केला. ह्या वेळी दोन्ही हातांनी, टेबलाशी बसून, प्रत्येक नाव विचारून. वर आप्पा, मग दादा, नवरा, तपासणीला ताई आणि जावई. जुळणीची दहा नावं, सगळी पूर्ण.

आणि मग पॅकिंगपाशी आले. जुन्या तक्त्यात मी लिहिलं होतं, 'दोन जण.'

तिथे माझी बोटं थांबली. वहिनींचा डबा जड आहे, हे सतरा माणसांत ज्या एकाला कळलं, तो त्या दोन जणांतला एक होता. 'हाताला कळतं हो,' असं ते म्हणाले होते. मी विचारलंच नाही, कसं कळतं. न खाल्लेल्या डब्याचं वजन हाताला कशाने माहीत होतं, काका?

मी पोरीला उचललं आणि तशीच कारखान्यात गेले. संध्याकाळ होत होती. काका डब्यांची पिशवी बांधत होते. "काका, तुमचा डबा कुठला?" मी विचारलं. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. मग मीच पिशवीत हात घातला आणि त्यांचा डबा उचलला. जड होता.

तुम्ही हे वाचताय तर एवढं करा. अलीकडे कुणी तुम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणालं असेल, "त्या अमक्याकडे जरा बघा," तर त्या माणसाकडे जाच, माझ्यासारखं हसून घरी येऊ नका. पण निघण्याआधी, ज्याने हे सांगितलं त्याचा डबा एकदा हातात घेऊन बघा. जड लागला तर तिथेच बसा. त्याच्याजवळ.